बशीतल्या पेशी वाचल्या, म्हणजे डोळे वाचले का?

घरातल्या बुजुर्गांना समोरचं धूसर दिसू लागलं की आपण म्हणतो, "मोतीबिंदू असेल." दरवेळी तसं नसतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून ते बदलता येतं. पण साधारण पन्नाशीनंतर होणारा 'एएमडी' हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. त्यात पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजतो. मग बाजूचं दिसतं, पण समोरचा चेहरा आणि पानावरची अक्षरं हरवतात.

पडद्याच्या मागे आरपीई नावाचा पेशींचा एकच पातळ थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना तो पोषण देतो, त्यांची झिजलेली टोकं रोज गिळून साफसफाईही करतो. या कामात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींना इजा करतात. तरुणपणी शरीर ती इजा भरून काढतं. वय वाढलं, त्यात बिडी-सिगारेट असली, की दुरुस्ती मागे पडते.

आता हे तपासायचं कसं? जिवंत माणसाच्या डोळ्यातला थर काढून तर बघता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पेशी वाढवतात. त्यातल्या 'एआरपीई-१९' या पेशी जगभर वापरल्या जातात. त्या अपघातात मरण पावलेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांतून मिळाल्या. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सिगारेटच्या धुराचा अर्क टाकतात. काही बशांमध्ये आधी औषध घालतात. मग कुठे किती पेशी जगल्या ते मोजतात.

हळदीतल्या कर्क्युमिनची चाचणीही अशीच झाली आहे. पण बातमी वाचून लगेच गोळ्या आणू नका. बशीतली इजा काही तासांची, डोळ्यातली कित्येक वर्षांची. बशीत औषध थेट पेशीवर पडतं. पोटात घेतलेली गोळी पडद्यापर्यंत किती पोहोचेल, हे बशी सांगत नाही. बशी फक्त पुढे काय तपासावं ते सुचवते.

खरा निकाल माणसांवरच्या चाचणीत लागतो. अमेरिकेतल्या 'एरेड्स' चाचणीचा निकाल २००१ मध्ये आला. जीवनसत्त्व क, ई, बीटा-कॅरोटीन आणि जस्त एकत्र दिल्यावर, आजार मधल्या टप्प्यात असलेल्यांमध्ये तो बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्के कमी झाला. गेलेली नजर मात्र परत आली नाही. निरोगी डोळ्यांना या गोळ्यांनी आजार टळतो, असंही दिसलं नाही. शिवाय बीटा-कॅरोटीनमुळे सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटिन आणि झिअॅक्सँथिन आले.

तेव्हा दादी-नानीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. चौकटीच्या वहीचं पान समोर धरा, चष्मा असेल तर लावू द्या, एकेक डोळा झाकून बघायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग दिसला, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एएमडीच्या एका प्रकारात वेळेवर दिलेली इंजेक्शनं नजर वाचवू शकतात. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, तर ती आजच सोडायला लावा.