वारसनोंदीत सापडणारे पणजोबा आणि न सापडणाऱ्या आत्या

व्हर्जिनियासारख्या अमेरिकेतल्या जुन्या वसाहतीत सतराव्या शतकापासून काउंटीच्या कचेरीत मृत्युपत्रांच्या वह्या ठेवल्या गेल्या. मेलेल्या माणसाची गुरं, भांडी, गाद्या यांची यादी किमतीसकट कचेरीत जमा व्हायची. तिकडे घराण्याचा शोध घेणारा माणूस याच कागदांपासून सुरुवात करतो. हे कुठंतरी पाहून आपल्याकडचा एखादा पणतू कोल्हापुरात दुय्यम निबंधकाच्या दारात जातो, पणजोबांचं मृत्युपत्र मागतो आणि हात हलवत परत येतो. मग घरात दोन तर्क सुरू होतात: एकतर म्हाताऱ्याकडं काही नव्हतंच, नाहीतर भाऊबंदांनी कागद दाबला.

बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकीचे असतात. आपल्याकडच्या मिताक्षरा हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता. तो मेला की हिस्सा मागं राहिलेल्या भाऊ-मुलांकडं आपोआप जाई. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 साली आला आणि त्याच्या कलम 30 ने पहिल्यांदा हा हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. तेव्हा 1930 साली वारलेल्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र न सापडणं हीच साधी गोष्ट आहे. त्या काळातलं एखादं सापडलंच, तर ते बहुधा स्वकष्टार्जित मिळकतीचं असतं. त्यात नाव नसलेला मुलगा बेदखल केलेला होता असं समजू नये. जन्मानेच त्याचा हक्क शेतीत होता, त्याला वेगळं काही लिहून देण्याची गरज नव्हती.

मृत्युपत्राची नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदवलेलं असेल तर ते निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये चढतं. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही. "वारसांनाच मिळते" हे काउंटरवर ऐकलेलं वाक्य कायद्यात नाही.

मग आपलं घराणं सापडतं कुठं? गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही. जुन्या पानावर मजकूर साधारण असा असतो: "खातेदार दादू बिन राणू हा मयत झाला. त्यास वारस मुलगे 1) बाळू 2) सखाराम, विधवा काशी कोम दादू. बाळू याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून लावले." चार ओळींत तीन पिढ्या आल्या. 'बिन'च्या पुढं बापाचं नाव, 'कोम'च्या पुढं नवऱ्याचं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांनी जितके भाऊ झाकले आहेत तितके कुठल्याही वाळवीनं खाल्ले नसतील. सातबाऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव राहतं आणि दोन पिढ्यांनी धाकट्याचा नातू "आमचा आजोबा या गावचाच नव्हता का?" म्हणून विचारत फिरतो. सातबारा हे कुटुंबपत्रक नाही. सारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं म्हणून हा सगळा व्याप उभा राहिला. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. नातीगोतीही त्यातून अर्धीच कळतात. म्हणून सातबाऱ्यावर न थांबता त्यावर गोल करून लिहिलेला फेरफार क्रमांक घ्यावा आणि एकेक नोंद मागं मागं काढत जावं.

"जुन्या कागदात बायका नसतातच" हा समज मात्र मला सगळ्यांत जास्त खटकतो. विधवा जागोजागी आहेत: नवऱ्यामागं इनाम चालू ठेवा म्हणून अर्ज करणाऱ्या, दत्तक घेणाऱ्या, दिरांशी भांडणाऱ्या. लेकी वारसनोंदीत कमी दिसतात हे खरं. त्या सापडतात सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात, आणि त्याहून जास्त हक्कसोडपत्रात. भावांच्या नावे सही-अंगठा देताना बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवऱ्याचं गाव, वय असं सगळं एका कागदावर येतं. बहिणीचा हिस्सा काढून घेणारा कागदच तिचा सगळ्यांत सविस्तर पुरावा असावा, याला काय म्हणावं! हक्कसोडपत्र नोंदवलेलं असतं, त्यामुळं निबंधकाकडच्या सूचीत ते शोधता येतं. सूची 1 नावांची, सूची 2 मिळकतीची, सूची 3 मृत्युपत्रांची. गावाचं नाव आणि गट नंबर माहीत असेल तर सूची 2 वरून आत शिरणं सोपं. पण जुना सर्व्हे नंबर आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबर वेगळे, हे आधी जुळवून घ्यावं.

आडनाव एक म्हणजे कूळ एक, हाही असाच समज. करवीर, पन्हाळा, कागल कुठंही जा, गावोगावी पाटील. पाटीलकी हे वतन होतं, आणि ते वाटलं जाई, गहाण पडे, विकलंही जाई. एकाच गावात दोन वेगळ्या कुळांच्या तक्षिमा, म्हणजे वतनातले वाटे, असायच्या आणि आज दोघंही पाटीलच लावतात. म्हणून आडनावापेक्षा देवक, कुलदैवत आणि मूळ गाव यांवर भर द्यावा.

त्यात दत्तकाचा घोळ वेगळाच. वंशावळ म्हणजे रक्ताची साखळी असं धरून चाललं तर कोल्हापूरच्या छत्रपतींची वंशावळसुद्धा लागणार नाही. 1866 साली गादीवर आलेले राजाराम महाराज मूळचे पाटणकर, आणि 1870 साली फ्लॉरेन्सला वारलेले ते हेच. त्यांच्यानंतरचे चौथे शिवाजी महाराजही दत्तक. त्यांच्या राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव यांना मांडीवर घेतलं, तेच राजर्षी शाहू. लागोपाठ तिघं बाहेरून आले आणि कागदावर वंश अखंड आहे. साध्या घरातही असंच व्हायचं. नोंदीत बापाचं नाव एकाएकी बदललेलं दिसलं तर लेखनिकाची चूक म्हणून खोडण्याआधी दत्तकपत्र शोधावं.

आता कागद कुठं आहेत ते. "आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे दप्तर करवीर संस्थानचं" एवढ्यावर भागत नाही. करवीर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याचं मोडी दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. पण कुरुंदवाड पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं. चंदगड तर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तिथल्या माणसानं कोल्हापुरात चकरा मारून चपला झिजवण्यात अर्थ नाही. 1949 च्या आधी गाव कुणाच्या अमलाखाली होतं, हे ठरल्याशिवाय अर्जच लिहू नये.

शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. त्यामुळं वतनाचा पुरावाही बुडाला असं म्हणणारे भेटतात. उलट आहे. वतन जाताना, वाटताना, कुणाचं म्हणून भांडताना कागद वाढतात. वडीलपणाचा मान कुणाचा यावर दोन भाऊबंद गोतसभेपुढं उभे राहिले की प्रत्येक बाजू आपला करीना लिहून देई: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कोण, कोण निपुत्रिक गेला. शेवटी महजर म्हणजे सभेचं निवाडपत्र होई, त्यावर गावच्या पाटील-बलुतेदारांच्या साक्षी. गुण्यागोविंदानं नांदलेल्या घराचा माग लागत नाही, भांडलेल्या घराचा सात पिढ्या लागतो. अर्थात करीना ही एका पक्षाची बाजू. विरुद्ध पक्षाचाही वाचल्याशिवाय त्यातली वंशावळ उतरवून घेऊ नये, कारण नको असलेली शाखा गाळण्यासाठीच तर तो लिहिलेला असायचा.

मोडीचा बाऊ फार होतो. भाषा मराठीच आहे, लिपी मोडी. ऱ्हस्व-दीर्घ एकच आणि शब्दांत जागा सोडलेली नाही, म्हणून नावं फसवतात इतकंच. खरी अडचण तारखांची. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून शुहूर सन 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढं 600. याच सनातलं पानिपत जानेवारीतलं, म्हणून 1761. शकाचे 78 किंवा 79, फसलीचे 590 किंवा 591. हा हिशेब चुकला की बाप मुलाच्या नंतर जन्मतो.

राहिला हेळवी. बैल घेऊन दारी येणारा, घराण्याची नावं म्हणून दाखवणारा हा माणूस कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात अजून दिसतो. कुणबी नोंदींचा शोध 2023 साली सुरू झाल्यापासून त्याच्या वह्यांना एकदम भाव आला. काही जण त्या देववाणी समजतात, काही जण थोतांड. नात्याबद्दल विशेष माहिती असलेल्या, आता हयात नसलेल्या माणसाचं म्हणणं वाद उद्भवण्याआधी नोंदलेलं असेल तर न्यायालय ते पुरावा म्हणून विचारात घेऊ शकतं, हे 1872 च्या पुरावा कायद्यापासून चालत आलं आहे. त्याच नजरेनं हेळव्याची वही पाहावी. शाई कधीची, अक्षर किती हातांचं, शेवटची भर केव्हा पडली. गेल्या पाच वर्षांत एकाच पेनानं लिहिलेली वीस पिढ्यांची वही आणि बापाच्या हातची डाग पडलेली सहा पानं यांत सहा पानं घ्यावीत, आणि त्यातलं पहिलं नाव गावच्या फेरफाराशी ताडून बघावं.