कुंपणावरचे हिवाळी रहिवासी

सुरतेच्या पूर्वेस, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात वाढत गेलेल्या आणि खानदेशातून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांनी आपलेसे केलेल्या गोडादऱ्यात, नव्या वसाहतींच्या हद्दीवर जी थोडीबहुत बाभळी-बोरींची कुंपणे शिल्लक राहिली असतील, ती हिवाळ्यात प्रातःकाळी स्वस्थ चित्ताने न्याहाळावीत. आपली तांबूस शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा, ओलसर झुडपांतून चालणारा निळ्या कंठाचा शंकर, आणि उघड्या जमिनीवर शेपटी खालीवर हलवत किडे टिपणारा धोबी हे या ऋतूचे नेहमीचे रहिवासी होत.

मध्य आशिया, सायबेरिया वा हिमालयापलीकडील मुलुखातून हे पक्षी येतात ते केवळ थंडीच्या भयाने नव्हे. तेथे कीटक दुर्मीळ होतात, हे मुख्य कारण. दिनमान घटू लागताच त्यांच्या शरीरातील अंतःस्राव बदलतात, त्वचेखाली चरबी साठते, आणि यांतील बरेचसे लहान पक्षी तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधाराने रात्री मार्गक्रमण करतात.

त्याहून विस्मयकारक आहे ती त्यांची स्थाननिष्ठा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली, धार संस्थानच्या महाराजांच्या आश्रयाने, पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित वळी अडकवण्याचे कार्य आरंभिले, आणि जगभर अशाच नोंदींतून पुढे सिद्ध झाले की, हजारो मैलांचा प्रवास करून आलेला पक्षी पुष्कळदा मागील हिवाळ्यातील त्याच बागेत, त्याच झुडपापाशी परततो. थिरथिऱ्यासारखा पक्षी तर आपला हिवाळी इलाखा ठरवून घेतो आणि स्वजातीयांपासून त्याचे रक्षणही करतो.

म्हणूनच कुंपण तोडून तेथे विटांची भिंत उभारणे, म्हणजे वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ तेथे काढणाऱ्या जिवास बेदखल करणे होय. आपल्या आवाराच्या कडेला बोर, मेंदी, करवंद अशी झाडोऱ्याची एक पट्टी राखावी, तिच्यावर कीटकनाशक फवारू नये, आणि पक्षी प्रथम दिसल्याची व निघून गेल्याची तारीख वहीत टिपावी. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली व २०१३पासून भारतातही होणारी परसबागेतील पक्षिगणना फेब्रुवारीत चार दिवस चालते, आणि तिला अशाच सामान्य नागरिकांच्या दाखल्यांचा आधार असतो. पक्षिशास्त्राला विद्यापीठांइतकीच अशा दक्ष शेजाऱ्यांचीही गरज आहे, आणि गोडादऱ्यातील शाळकरी मुलासही हे काम आपल्या खिडकीतून करता येण्याजोगे आहे.