हप्ता चुकला, की फोन मुका?

पूर्वी घरात नवी वस्तू यायची म्हणजे केवढा सोहळा असायचा! फ्रीज आला की त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, मिक्सर आला की पहिली चटणी शेजारी वाटीतून. मोबाईलचं तसं नाही. तो येतो, दोन-तीन वर्षांत जुना होतो आणि पोरं म्हणायला लागतात, ‘आई, हा आता हँग होतोय गं!’ मग दुकानात जायचं. तिथे काउंटरवरचा मुलगा किंमत सांगतच नाही, तो हप्ता सांगतो. ‘ताई, महिन्याला फक्त दोन हजार!’ या ‘फक्त’मध्येच सगळी गंमत आहे.

आमचा मनवेलपाडा विरार पूर्वेला. इथल्या बायकांचे साधारण दोन भाग पडतात. एक पहाटे चर्चगेट लोकल पकडायला धावणारा आणि दुसरा घरात राहून चार पैसे मिळवणारा. कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी ब्लाउज शिवते, कुणी इमिटेशनच्या दागिन्यांचे मणी ओवते. पण हल्ली दोघींचंही अर्धं आयुष्य हातातल्या फोनमध्ये असतं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, मुलांच्या शाळेचा निरोप फोनवर आणि गॅसचं बुकिंगही फोनवरच. म्हणून फोनमध्ये काही बदलणार अशी बातमी आली, की आमच्या भिशीत त्यावर चर्चा होतेच. साबुदाण्याच्या वड्याइतकीच खमंग!

आता बघा ना, २०२० मध्ये ॲपलने आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. पुढच्याच वर्षी सॅमसंगने आपल्या महागड्या फोनबाबत तोच कित्ता गिरवला. कंपन्या म्हणाल्या, पर्यावरणासाठी! आमच्या भिशीतल्या एक काकू पटकन म्हणाल्या, “म्हणजे कुकर घ्या, शिट्टी वेगळी विकत घ्या!” सगळ्याजणी हसलो खऱ्या, पण चार्जरचे पैसे शेवटी आपल्याच पर्समधून गेले. उलट एक बदल बायकांना मनापासून आवडला. युरोपियन युनियनने २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनना एकच टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं. त्याआधी २०२३ मध्ये आयफोनही त्याच वळणावर आला होता. घरात चार माणसं आणि चार तऱ्हेच्या वायरी, हा गुंता ज्या बाईने रोज सोडवलाय तिलाच याचं सुख कळेल.

ग्राहक बोलले की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश दिला, की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून द्या. बातमी बाहेर येताच देशभर ओरड झाली, की आमच्या खासगी फोनमध्ये तुमचं ॲप सक्तीचं कशाला? आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. गंमत म्हणजे संचार साथी ही सोय तशी कामाची आहे. हरवलेला फोन तिथून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघता येतं. पण चांगली गोष्टही विचारून द्यावी, माथी मारू नये, एवढंच लोकांचं म्हणणं होतं. सुनेला साडी घेताना सासूने एकदा विचारावं, तसंच की हे!

मात्र आमच्या भिशीत खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच बातमीने. २०२५ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांत आलं, की हप्त्यावर घेतलेल्या फोनचा हप्ता थकला तर तो फोन दुरूनच बंद करण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना द्यावी का, याचा रिझर्व्ह बँक विचार करते आहे. त्याआधी काही कंपन्या फोनमध्ये एक ॲप घालून असं करायच्याच, आणि २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांना ते थांबवायला सांगितल्याचंही त्याच बातम्यांत होतं. १ ऑक्टोबर २०२५ ला गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगितलं, की दोन्ही बाजू तपासून पाहत आहोत.

झालं! भिशीत दोन तट पडले. लोकलने बँकेत नोकरीला जाणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, “अगं, काहीजण फोन घेतात, दोन हप्ते भरतात आणि नंबर बदलून गायब होतात. त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसालाही कर्ज महाग पडतं. कुलुपाची भीती असेल तर ज्यांची पगाराची पावती नाही, त्यांनाही दुकानदार दारात उभं करेल.” तिचं म्हणणं खोटं नाही. होम क्रेडिट फायनान्सच्या २०२४ च्या पाहणीनुसार, मोबाईल धरून इलेक्ट्रॉनिक वस्तूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त वस्तू छोट्या कर्जावरच घेतल्या जातात. म्हणजे हप्ता ही चैन नाही, ती आपल्यासारख्यांची शिडी आहे.

पण आमच्याच मजल्यावरच्या वहिनी गप्प बसल्या होत्या. त्या डबे करतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या, दवाखान्याची धावपळ झाली आणि फोनचे दोन हप्ते चुकले. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी तगादा तर लावलाच, पण डबे घेणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनाही फोन गेले. एका गिऱ्हाइकाने डबा बंद केला. वहिनी हळूच म्हणाल्या, “तेव्हा फोन चालू होता म्हणून बाकीचे डबे तरी टिकले. तोच बंद केला असता, तर मी हप्ता कुठून भरला असता?”

सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. खरंच, याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल! टीव्ही उचलून नेला तर मालिका बुडेल, पण बाईचा फोन बंद केला तर तिचं दुकानच बंद होतं. शिंप्याने उधारी फेडली नाही म्हणून त्याची शिलाई मशीनच कुलपात ठेवायची, तसला हा प्रकार. रात्री-अपरात्री पोरगी क्लासहून यायची असेल, घरात म्हातारं माणूस असेल, तर बंद पडलेला फोन म्हणजे जिवाला घोर. त्यामुळे नियम कसाही असो, कर्जाच्या कागदावर ‘फोन बंद करण्याचा अधिकार’ असं काही लिहिलंय का, ते सही करण्याआधी विचारायचंच, असं आमच्या भिशीत एकमताने ठरलं.

आता दुसऱ्या पाहुण्याकडे वळू या, म्हणजे कार्डाकडे. पूर्वी क्रेडिट कार्ड बँकेच्या नावाने यायचं. आता त्यावर ओळखीच्या दुकानाचं नाहीतर फोन कंपनीचं नाव दिसतं. ॲमेझॉन पे आणि आयसीआयसीआय बँकेचं कार्ड २०१८ मध्ये आलं, फ्लिपकार्ट आणि ॲक्सिस बँकेचं २०१९ मध्ये, तर सॅमसंगने ॲक्सिस बँकेबरोबर २०२२ च्या सप्टेंबरात आपलं कार्ड काढलं. अमेरिकेत ॲपलनेही २०१९ मध्ये स्वतःच्या नावाचं कार्ड आणलं, त्यामागची बँक होती गोल्डमन सॅक्स. २०२६ च्या जानेवारीत जाहीर झालं, की ते कार्ड आता जेपी मॉर्गन चेसकडे जाणार. तिथल्या ग्राहकांनाही हाच प्रश्न पडला, की नाव तेच राहिलं तरी आपल्या सवलतींचं काय?

यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. कार्डावर नाव कुणाचंही असो, पैसे बँकेचे असतात आणि हिशेबही बँकेलाच द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा जोडनावाच्या कार्डात भागीदार कंपनीचं काम फक्त कार्डाची जाहिरात आणि वाटप करण्याचं. तक्रार असेल तर दुकानाच्या नाही, बँकेच्या दारात जायचं. सवलती वर्षा-दोन वर्षांत बदलतात. थकबाकीवरचं व्याज मात्र चुकत नाही, ते पक्कं असतं!

आणि ते व्याज किती, हे आपण कागदावर मांडलं पाहिजे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हटलं, की ऐकायला कमी वाटतं. वर्षाचे होतात बेचाळीस! समजा, २० हजार रुपये थकले. एका महिन्याचं व्याज झालं ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. एकूण ८२६. आपण मोठ्या समाधानाने हजार रुपये भरून आलो, तर मुद्दलातून कमी झाले किती? फक्त १७४ रुपये! शिवाय थकबाकी असताना नवी खरेदी केली तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो छोटा आकडा छापलेला असतो ना, तो आपल्या सोयीसाठी कमी आणि बँकेच्या सोयीसाठी जास्त असतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तसंच. २४ हजारांचा फोन, सहा हप्ते चार-चार हजारांचे. वाटतं, एक रुपया जास्त नाही. पण बँक व्याज घेतेच. वर्षाला १५ टक्के दर धरला तर साधारण १,०१६ रुपये, आणि तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत दाखवते. त्या व्याजावरचा जीएसटी, म्हणजे सुमारे १८३ रुपये, आपल्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती आणखी वेगळी. ‘शून्य टक्के’ या शब्दामागे व्याज लपवलं जातं म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना ताकीद दिली होती. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा, “रोख दिले तर कितीला?” उत्तर आलं की खरी किंमत कळते.

त्यात २०२५ च्या अखेरीपासून फोनमधल्या मेमरी चिपचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणक केंद्रांना त्या चिप लागतात, त्याचा भार आपल्या साध्या फोनच्या किमतीवर. त्यामुळे जुना फोन बॅटरी बदलून वर्षभर चालवणं, यात कमीपणा तो कसला? जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या घरातल्या लेकी आपण!

भिशीतल्या चर्चेत एक मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटला. बहुतेक घरांत कार्ड नवऱ्याच्या नावावर आणि बायकोकडे त्याचं जोडकार्ड. थकबाकीची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, आणि वेळेवर फेडीची पतही त्याचीच वाढते. आपण वर्षानुवर्षं घर काटकसरीने चालवलं, पण बँकेच्या वहीत आपलं नावच नाही! ज्यांना पगार नाही त्यांना छोट्या मुदत ठेवीवर स्वतःच्या नावाचं कार्ड मिळू शकतं. गरज नसेल तर अजिबात घेऊ नका. पण घ्यायचंच तर आपल्या नावावर, आपल्या हिशेबात आणि पूर्ण बिल वेळेवर भरण्याच्या बोलीवर घ्या.

जाता जाता, हे कात्रण फ्रीजवर लावून ठेवा:

• न मागता कार्ड पाठवायला बँकांना बंदी आहे. आलंच तर ते सुरू करू नका, ओटीपी सांगू नका.

• कार्ड बंद करायला सांगितल्यावर, थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे.

• मुदतीनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, तरच कार्डावर लेट फी लावता येते.

• वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. कर्जाच्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो उघडण्याची परवानगी नाही.

• हप्त्याचं कर्ज घेताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. एकूण खर्च त्या एकाच कागदावर असतो.

• जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा आणि तो चोरीचा नाही ना, हे संचार साथीवर तपासा.

• बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवरून फसवणूक झाली तर लगेच १९३०.

त्या डबेवाल्या वहिनींनी आता काय ठरवलंय, सांगू? पुढचा फोन भिशीचा नंबर लागेल तेव्हाच, रोखीने. “भिशी चुकली तर तुम्ही चार शब्द सुनवाल,” त्या म्हणतात, “पण माझा फोन तर बंद करणार नाही ना!” बारा जणींच्या विश्वासावर चालणारं हे आपलं जुनं कार्ड. त्याला ना व्याज, ना ओटीपी. तुमच्या गावातही अशी भिशी असेलच. पुढच्या वेळी वडे तळता तळता हा विषय जरूर काढा.