दारातला ट्रॅक्टर आणि रानातला वाफसा

२०२५च्या दिवाळीत गावी गेलो असता थोरल्या बंधूंनी फराळ आटोपताच एक कागद माझ्यापुढे ठेवला. तो ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज होता आणि जामीनदाराच्या सहीची जागा कोरी होती. “तू मास्तर माणूस. तुझ्या सहीला बँकेत मान आहे,” ते म्हणाले. ट्रॅक्टरवरील जीएसटी त्या सप्टेंबरात बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला होता. आठ लाखांच्या यंत्रामागे पन्नास हजारांहून अधिक रुपये वाचत होते. आता नाही घेतला तर पुढे कधीच होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेत पाच एकर, बालाघाटाच्या पठारावरचे. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीने साथ दिली तर रब्बीत हरभरा. दावणीला एक बैलजोडी, तीही उतारवयाची.

प्रसंग घरगुती आहे; तो चव्हाट्यावर मांडण्याचे कारण एवढेच की, तो केवळ माझ्या घरातला नाही. शाळेत शिकवणारे, कचेरीत खर्डेघाशी करणारे आपण पुष्कळजण एका पायाने अजून गावातच उभे असतो. शेत भाऊ करतो, आणि जामीन, हातउसने, पगारातून जाणारा हप्ता या रूपांनी आपण त्या शेतीत सामील असतो. तेव्हा यंत्र विकत घ्यावे, जुने बदलावे की भाड्याने आणावे, हा प्रश्न शेतीतज्ज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या सहीचा त्याच्याशी संबंध असतो.

मी त्या रात्री वहीत हिशेब मांडला. यंत्राच्या खर्चाचा अंदाज कसा काढावा याचे मार्गदर्शक मानक तत्कालीन भारतीय मानक संस्थेने १९७९ सालीच प्रसिद्ध केले आहे. त्याची रीत साधी आहे. ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून आठ लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरा, शेवटी मोडीची किंमत दहा टक्के धरा. म्हणजे वर्षाचा घसारा ७२ हजार. गुंतलेल्या सरासरी भांडवलावर दहा टक्क्यांनी व्याज ४४ हजार. विमा, शेड व किरकोळ मिळून १६ हजार. एकूण १ लाख ३२ हजार रुपये. हा खर्च ट्रॅक्टर एक तासही न चालवता, नुसता दारात उभा राहिल्याबद्दल द्यावयाचा. डिझेल, वंगण, दुरुस्ती आणि चालकाची मजुरी हा तासाचा खर्च वेगळा. तो साडेपाचशे रुपये धरला. भाड्याचा दर तासाला हजार धरला. हे आकडे गावागावांत बदलतील. वाचकांनी आपापले घालून पाहावेत.

आता पाच एकरांना वर्षाकाठी काम किती? नांगरट, रोटावेटर, दोन हंगामांच्या पेरण्या, थोडी वाहतूक असे सारे धरून एकरी बारा तास, म्हणजे एकूण साठ तास. भाड्याने साठ हजार रुपयांत उरकणारे काम घरच्या ट्रॅक्टरने १ लाख ६५ हजारांना पडते. खर्चाची तोंडमिळवणी होण्यास ट्रॅक्टर वर्षाला सुमारे तीनशे तास चालला पाहिजे, म्हणजे पंचवीस एकरांच्या आसपास जमीन हवी. करकपातीने या हिशेबात वर्षाला आठ-नऊ हजारांचा फरक पडतो. सव्वा लाखाचे अनुदान पदरात पडले, तरी नुसत्या उभ्या यंत्राचा वार्षिक खर्च लाखाखाली येत नाही.

महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे साडेतीन एकरांच्याही खाली आले. खातेदारांची संख्या सुमारे पन्नास लाखांवरून दीड कोटीच्या वर गेली. दुसऱ्या बाजूला, १९६१ साली देशात ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्षात हजारही यंत्रे तयार झाली नव्हती. २०२४-२५ साली देशात नऊ लाखांच्या आसपास विकली गेली. जमिनीचा तुकडा लहान होत गेला आणि यंत्र मोठे होत गेले. शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, प्रतिष्ठेपायी तो कर्ज काढतो, असा निष्कर्ष येथे शहरी वाचक चटकन काढील. प्रतिष्ठेचा भाग आहेच. दारात ट्रॅक्टर असला की मुलाच्या सोयरिकीची बोलणी सुकर होतात, हे मी स्वत: पाहिले आहे. परंतु तेवढ्यावर हा प्रश्न निकालात काढणे अन्यायाचे होईल.

सकाळी मी वही दाखविली. बंधूंनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “यात वाफसा कुठं धरलास?”

या एका शब्दाने माझ्या हिशेबाचा पायाच हलला. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशा स्थितीत येते तो वाफसा. भारी काळ्या रानात तो थोडे दिवस टिकतो. ऊन तापले तर त्याहूनही कमी. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये आणि जुलैच्या मध्यानंतर पेरू नये, असे कृषी विद्यापीठे सांगतात. या मुदतीत वाफसा एकदा किंवा दोनदा मिळतो आणि तो सगळ्या शिवाराला एकाच दिवशी मिळतो. ट्रॅक्टरवाला आधी आपले रान पेरतो, मग भावकीचे, मग वीस एकरवाल्याचे, कारण तेथे यंत्र सलग चालते आणि बांधाबांधाशी वळवावे लागत नाही. पाच एकरवाल्याचा क्रमांक लागेतो दुसरा पाऊस येतो किंवा ओल उडून जाते. भाड्याचा दर सगळ्यांना सारखाच असतो. परंतु लहान शेतकरी त्याखेरीज दिवसांच्या रूपानेही भाडे देत असतो आणि ते कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते. उशिरा पेरलेल्या सोयाबीनचा उतारा घटला की ते वसूल होते. बंधूंना ट्रॅक्टर हवा होता तो खरे तर वर्षातील त्या चार दिवसांसाठी.

तेव्हा शेतीकामांची वाटणी खर्चाने करण्याआधी, कोणते काम किती थांबू शकते याने केली पाहिजे. उन्हाळी नांगरट थांबते. पीक निघाल्यापासून वळवाच्या पावसापर्यंत ती केव्हाही करावी. आज नाही तर पुढच्या आठवड्यात. ट्रॅक्टरची खरी ताकद याच कामाला लागते आणि नेमके हेच काम भाड्याने करून घेण्यात काही बिघडत नाही. मळणीही थांबते. कापलेले पीक नीट झाकून गंजी लावली की मळणी यंत्र येईपर्यंत धीर धरता येतो. म्हणूनच मळणी यंत्र हे खेड्यांत बहुधा भाड्याचेच राहिले. पेरणी मात्र थांबत नाही, आणि कोळपणीही नाही. तण वाट पाहत नाही. मौज अशी की, न थांबणाऱ्या या दोन्ही कामांना पन्नास अश्वशक्तीची गरजच नसते. तिफण आणि कोळपे बैल ओढीत आले आहेत. आज लहान टिलर किंवा तणकाढणी यंत्रही त्यातले बरेचसे करते. जे काम थांबते त्यासाठी मोठे यंत्र लागते, आणि जे थांबत नाही त्याला लहान पुरते. आणि आपण कर्ज काढतो ते मोठ्यासाठी.

भाड्याची पद्धत उत्तम चालते याचेही उदाहरण आपल्यापुढे आहे. गहू, सोयाबीन काढणीला आला की पंजाब-हरियाणाकडचे हार्वेस्टर विदर्भ-मराठवाड्यात उतरतात. त्यांची किंमत ऐकून कोणी लहान शेतकरी तो विकत घ्यावयाचा विचारही करीत नाही. एकराचा दर ठरतो, तासाभरात रान मोकळे होते. हे जमते याचे कारण भूगोलात आहे. गहू दक्षिणेकडे आधी पिकतो, पंजाबात एप्रिलमध्ये. पिकण्याची लाट जशी सरकते तसे यंत्र सरकते आणि एकाच हंगामात त्याला शेकडो तास काम मिळते. मृगाच्या पावसाची गोष्ट निराळी. तालुक्यातल्या तालुक्यात वाफसा असा सरकत नाही. मग गावात आणखी एक ट्रॅक्टर येतो, आणखी एक येतो, आणि प्रत्येकाची मदार एकाच आशेवर असते: स्वत:चे काम झाल्यावर उरलेल्या वेळात भाडे मारू. बंधूंचीही तीच होती. आमच्या गावात अकरा ट्रॅक्टर आहेत. बारावा आला तर पेरणीच्या चार दिवसांत त्याला काम मिळेल, परंतु उरलेले तीनशे दिवस बारा जणांत वाटले जातील. ऊसपट्ट्यात कारखान्याची वाहतूक हे तास भरून काढते. कोरडवाहू पट्ट्यात वाळू, विटा, मुरूम. शेतीच्या नावाने घेतलेले यंत्र हप्ता भरण्यासाठी रस्त्यावर धावते आणि वाफशाच्या दिवशी ते कोठल्या तरी बांधकामावर असते, हाही अनुभव आहे.

जुन्या यंत्राबद्दल येथेच दोन शब्द. कर्ज फिटलेला बारा वर्षांचा ट्रॅक्टर अदलाबदलीत देऊन नवा घ्यावा, असा आग्रह विक्रेते धरतात. अशा यंत्राचा घसारा जवळजवळ संपलेला असतो. त्याला व्याज नसते. दुरुस्ती वाढते हे खरे, तथापि वाढलेली दुरुस्ती आणि नव्या यंत्राचा वर्षाचा लाखावरचा स्थिर खर्च यांची तुलना केल्याखेरीज बदल करू नये. ऐन पेरणीत तो बंद पडतो का, हा एकच प्रश्न निर्णायक मानावा. बैलाच्या बाबतीत तर बदलण्याचा हिशेबच उलटला आहे. पूर्वी थकलेला बैल विकून नव्याच्या किमतीत भर पडे. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक राहिले नाही. बंधूंनी ट्रॅक्टरचा विचार मनात आणला त्यामागे हेही एक कारण होते. त्यांनी ते बोलून दाखविले नाही, गोठ्याकडे पाहिले मात्र.

वस्तुत: एकेकट्याला न पेलणारे अवजार अनेकांत मिळून वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही. एकेक बैल असलेले दोघे सावड करीत. कोणाचे रान मागे पडले तर इर्जिक घातली जाई; गावातील औते एका दिवशी त्याच्या शेतात उतरत आणि संध्याकाळी तो जेवण घाली. परंतु या स्मृतीने हळवे होण्यातही अर्थ नाही. इर्जिकीतही थोरामोठ्याच्या रानात औते आधी जात असणार. आळीपाळीचा प्रश्न मनाच्या मोठेपणावर सोडला की तो बलिष्ठाच्या बाजूने सुटतो.

तो नियमाने सोडविल्याचे उदाहरण धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत मिळते. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वाटून घेतले. पाणीही वाफशासारखेच, सगळ्यांना एकाच वेळी हवे असते. तेथे पाळीचा माणूस शेतकऱ्यांनी नेमलेला असे, पाटकरी किंवा बारेकरी; ज्याचे रान भिजायचे त्याने पाटाला हात लावायचा नाही. मालकी सामाईक आणि पाळी तिऱ्हाइताच्या हाती, या दोन गोष्टी एकत्र असल्यामुळेच ती व्यवस्था टिकली. यंत्राच्या बाबतीत आपण पहिलीच गोष्ट करतो.

२०१४-१५पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात एकट्याच्या ट्रॅक्टरलाही अनुदान आहे आणि गटांच्या अवजारे बँकांनाही. दोन्ही ठिकाणी सरकार पैसे देते ते खरेदीसाठी. यंत्र विकत घेतले, छायाचित्र काढले, रक्कम खात्यात जमा झाली की शासनाचा संबंध संपतो. ते यंत्र वर्षात किती तास चालले, पेरणीच्या आठवड्यात कोणाच्या रानात कितव्या दिवशी गेले, दोन एकरवाल्याचा क्रमांक कधी लागला, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते अनुदानाचा मोठा भाग अवजारे बँकेच्या पाळीच्या नोंदवहीला बांधला पाहिजे: लहान रानांत वाफशाच्या दिवसांत केलेल्या तासांवर वर्षाअखेरीस रक्कम द्यावी. एकट्याच्या ट्रॅक्टरला सव्वा लाख देऊन गावातला बारावा ट्रॅक्टर उभा करण्यापेक्षा तो पैसा तेथे अधिक राबेल. बनावट नोंदी होतील, ही शंका रास्त आहे. परंतु बनावट खरेद्या होत नाहीत, असे कोण म्हणेल?

बंधूंच्या अर्जावर मी सही केली नाही. त्याचा त्यांना राग आला आणि आठ दिवस आमचे बोलणे बेताचेच होते. मग त्यांनीच बांधाला लागून असलेल्या तिघांशी बोलणे काढले. चौघांची मिळून एकोणीस एकर जमीन होते. नांगरट भाड्याने करावी. पेरणी आणि कोळपणीपुरते एक लहान यंत्र चौघांत घ्यावे. बैल सध्या आहेत तसे राहावेत, असे ठरते आहे. पैशाची वाटणी एका बैठकीत ठरली. आधी पेरायचे कोणाचे, यावर तीन बैठका झाल्या आहेत. एक म्हणतो चिठ्ठ्या टाका, दुसरा म्हणतो ज्याचे रान हलके त्याचे आधी, कारण त्याची ओल लवकर उडते. यंदा जो शेवटी तो पुढल्या वर्षी पहिला, हे तिसऱ्याचे म्हणणे. बंधू अजून काही बोललेले नाहीत. त्यांचे रान चौघांत सर्वांत भारी आहे, आणि हलक्या रानाचा नियम ठरला तर ते दरवर्षी शेवटी राहतील, हे त्यांना ठाऊक आहे.