होकार नेमका कोणाचा?

धंद्याच्या माहितीची सुरक्षा म्हणजे तीन गोष्टींची राखण. माहिती भलत्याच्या हाती पडू नये, तिच्यात कोणी परस्पर फेरफार करू नये आणि गरजेच्या वेळी ती उघडता यावी. शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या दूध संस्थेतून सभासदांचे खाते क्रमांक बाहेर गेले तर पहिली गोष्ट मोडते. फॅटचे आकडे कोणी बदलले तर दुसरी. दहा दिवसांच्या बिलाच्या आदल्या रात्री संगणकच उघडला नाही तर तिसरी. चोरीची भीती सगळ्यांना असते. मधली गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते, आणि महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला सायबर दरोडा नेमका तिथूनच पडला.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटी 42 लाख रुपये गेले. 11 तारखेला, शनिवारी, काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतात काढलेली रक्कम अडीच कोटींच्या घरात होती आणि त्यातली काही कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली. सोमवारी, 13 तारखेला, बँकांमधल्या निरोपांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले.

एटीएम स्वतःहून पैसे देत नाही. ते ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारते आणि शिल्लक तपासून होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून मध्येच बनावट स्विच उभा केला. प्रश्न त्याच्याकडे वळू लागला आणि तो परस्पर ‘हो’ म्हणू लागला. मुख्य प्रणालीला कोणी विचारलेच नाही. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, भुर्दंड बँकेवर पडला. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले, पण ती मुख्यतः कार्डे घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसे होती. दरम्यान रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्येच नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट लागू केली होती.

शाहूवाडीतल्या मलकापूर किंवा बांबवड्याच्या दुकानदाराकडे स्विच नसतो, पण परस्पर होकाराची खोड त्याच्याही व्यवहारात असते. खताच्या ठोक विक्रेत्याच्या नावाने व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: ‘खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर टाका.’ खात्री करायची म्हणून त्याच निरोपातल्या नंबरवर फोन केला, तर होकार भामट्याचाच मिळतो. फोन वहीत पूर्वीपासून असलेल्या नंबरवर करायचा असतो. पासवर्डसोबत ओटीपी मागण्यामागेही हेच तत्त्व आहे: खात्री दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने करायची. म्हणून तो ओटीपी फोनवर दुसऱ्याला सांगितला की दुसरी वाटही पहिल्याच चोराला मिळते. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके, म्हणजे मोबाइल ॲपची, फाइल तर अख्खा फोनच चोराच्या ताब्यात देऊ शकते.

जाळ्याची बाजू त्या मानाने सोपी. राउटर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आंबा गावच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचे वायफाय आणि बिलिंगचा संगणक वेगवेगळ्या जोडणीवर असावेत. मालक, कारकून आणि हंगामी मदतनीस यांचे लॉगिन एकच असले, तर फेरफार कोणी केला हे कधीच कळत नाही.

तिसरी गोष्ट, गरजेच्या वेळी माहिती उघडणे, लांबच्या हल्ल्यानेही मोडू शकते. जून 2017 मध्ये युक्रेनवर सोडलेल्या ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. नेम दुसऱ्यावर असला तरी फटका आपल्याला बसू शकतो. त्यावर तोडगा म्हणजे हिशेबाची एक प्रत संगणकापासून सुटी ठेवणे. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो. प्रत उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा तरी पाहावे.

पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते. शिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक आहे.