इंजिनाची रील आधी टाकली तर पेटंट हातचं जातं का? डिझेल इंजिनाची पेटंट ऑफिसात 'परीक्षा' होते तरी कशी?

गावाकडं कुणी भंगारातून गाडी बनवली की तिचा व्हिडिओ व्हायरल व्हायला वेळ लागत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची जुगाड जीप अशीच देशभर गाजली. किक मारून सुरू होणारी ती जीप थेट आनंद महिंद्रांच्या नजरेत भरली आणि तिच्या बदल्यात बनवणाऱ्याला नवीकोरी बोलेरो मिळाली.

अशा प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट हमखास सापडते. "भावा, याचं पेटंट घे!"

सल्ला चुकीचा नाही. पण अनेकदा तो येतो तोवर उशीर झालेला असतो. कारण पेटंटच्या कायद्यात अर्ज आधी आणि व्हिडिओ नंतर, असाच क्रम लागतो. हा क्रम उलटा झाला तर काय होतं आणि एखाद्या इंजिनाला पेटंट द्यायचं की नाही हे सरकार ठरवतं कसं, ते नीट समजून घेऊ.

समजा, तेरखेड्याच्या फिटरने इंजिन सुधारलं

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी हे गाव राज्यभर ओळखलं जातं. समजा, इथल्या एका फिटरने विहिरीवरच्या डिझेल इंजिनात एक बदल केला. पिस्टनच्या माथ्यावर जो खळगा असतो त्याचा आकार बदलला आणि नोझलमधून डिझेलचा फवारा नेमका कुठं पडावा ते ठरवलं. इंजिन कमी धूर सोडायला लागलं, डिझेलही वाचायला लागलं.

आता त्याला हे आपल्या नावावर करायचंय. इथं पहिला गोंधळ होतो तो 'डिझाइन' या शब्दाचा. आपण सहज म्हणतो, इंजिनाचं डिझाइन पेटंट केलं. पण भारतात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू दिसते कशी, यासाठी डिझाइन कायदा, २००० आहे. वस्तू चालते कशी, यासाठी पेटंट कायदा, १९७० आहे. आपल्या फिटरचा बदल दिसण्यासाठी नाही, इंजिन चांगलं चालावं म्हणून आहे. त्यामुळे त्याला पेटंटचीच वाट धरावी लागणार.

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलला असलेल्या पेटंट ऑफिसच्या अखत्यारीत येतात. तिथं खेटे घालायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो.

अर्ज केला म्हणजे परीक्षा होत नाही

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते. अर्ज भरला की तो साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पण तो तपासला जावा यासाठी वेगळी विनंती करावी लागते, वेगळी फी भरावी लागते. २०२४ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून या विनंतीसाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. त्याआधी ती ४८ महिने होती. मुदतीत विनंती केली नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

विनंती केली की अर्ज परीक्षकाकडे जातो. आता हा परीक्षक तेरखेड्याला येऊन इंजिनाला हँडल मारून बघतो का? तर नाही. गरज वाटली तर ऑफिस मॉडेल किंवा नमुना मागू शकतं, पण बहुतेक सगळी परीक्षा कागदावरच होते. इंजिन किती भारी पळतं यापेक्षा अर्जात काय लिहिलंय आणि तसंच काही जगात कुणी आधी सांगून ठेवलंय का, हे बघितलं जातं.

परीक्षकाचे मुख्य प्रश्न तीन असतात.

पहिला, हे नवीन आहे का? दुसरा, नवीन असलं तरी या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का? तिसरा, उद्योगात याचा वापर होऊ शकतो का?

इंजिनाच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नावर सहसा कुणी अडत नाही. अडचण होते ती पहिल्या दोन प्रश्नांवर.

एका जुन्या पुस्तिकेने ऑटोचं पेटंट घालवलं

'नवीन' हा शब्द किती कडक आहे ते बघायचं तर थेट जर्मनीत जावं लागतं.

आज आपल्या मोटारसायकलमध्ये जे फोर स्ट्रोक इंजिन असतं, ते प्रत्यक्षात चालवून दाखवणारा माणूस म्हणजे निकोलाउस ऑटो. १८७६ मध्ये त्याने ते बनवलं, १८७७ मध्ये जर्मन पेटंट मिळवलं. धंदाही जोरात चालला. पण प्रतिस्पर्ध्यांनी शोध घेत घेत एक जुनी पुस्तिका बाहेर काढली. आल्फाँस बो द रोशा नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८६२ मध्येच चार स्ट्रोकचं तत्त्व लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणजे त्याने असं इंजिन कधी बनवलंच नव्हतं. तरीही १८८६ मध्ये ऑटोचं पेटंट रद्द झालं.

मुद्दा लक्षात घ्या. न बनलेल्या इंजिनाच्या कागदाने बनलेल्या इंजिनाचं पेटंट घालवलं. कायद्याच्या भाषेत अशा आधीच्या माहितीला 'प्रायर आर्ट' म्हणतात. यात जुनी पेटंट येतात, पुस्तकं येतात, शोधनिबंध येतात आणि आजच्या काळात इंटरनेटवर सगळ्यांना दिसणारा व्हिडिओही येतो.

म्हणजे आपल्या फिटरने पिस्टन हातात धरून "मित्रांनो, हा खळगा बघा, एवढ्या अंशात कापलाय" अशी रील टाकली आणि सहा महिन्यांनी अर्ज केला, तर त्याचीच रील त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते. इंजिन नुसतं चालताना दाखवलं आणि आतली युक्ती दिसलीच नाही, तर बचावाला थोडी जागा उरते. पण तो धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

अमेरिकेत स्वतः शोध लावणाऱ्याला अशा प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत मिळते. भारतात अशी सरसकट सवलत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणं, विद्वत्सभेपुढे निबंध वाचणं किंवा चार लोकांत केल्याशिवाय होणारच नाही अशी चाचणी घेणं, अशा मोजक्या बाबतीत १२ महिन्यांची मुभा आहे. रील, स्टेटस आणि यूट्यूब या यादीत नाहीत.

जुगाडाची दुसरी अडचण

पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही याची यादीच दिली आहे. निसर्गनियमांच्या विरुद्ध जाणारे दावे त्यात येतात. त्यामुळे 'इंधनाशिवाय कायम चालणारं इंजिन' दारातच अडतं.

याच यादीतलं ३(फ) हे कलम जुगाडाच्या मुळावर येतं. माहितीतली यंत्रं नुसती एकमेकांना जोडली आणि प्रत्येक यंत्र आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही. स्कूटरचं इंजिन, रिक्षाची चाकं आणि जीपचं स्टिअरिंग एकत्र आणणं कष्टाचं, डोकेबाज काम आहे. पण एकत्र येऊन त्यातून नवा तांत्रिक परिणाम निघाला नाही, तर पेटंट मिळणं कठीण.

आपल्या फिटरला इथं संधी आहे. खळगा आणि फवारा मिळून धूर कमी करत असतील, तर ती नुसती जोडाजोड राहत नाही. मात्र हे त्याला मोजमापांसह लिहून दाखवावं लागेल.

खुद्द डिझेलसाहेबही शब्दांत अडकले

पंपावर आपण "हजाराचं टाक" म्हणतो ते ज्याच्या नावाचं, त्या रुडॉल्फ डिझेलने २७ फेब्रुवारी १८९२ ला बर्लिनच्या पेटंट ऑफिसात अर्ज केला. वर्षभरात त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६७२०७. तेव्हा त्याच्याकडे चालणारं इंजिन नव्हतंच. पहिल्या इंजिनाची चाचणी आउग्सबुर्गला १८९३ च्या ऑगस्टमध्ये झाली.

डिझेलने अर्जात लिहिलं होतं की इंधन जळताना सिलिंडरमधलं तापमान जवळपास वाढू द्यायचं नाही. कागदावर हे गणित सुंदर होतं. पण गणितं पुन्हा मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की असं इंजिन कामाची ताकद देणार नाही. प्रत्यक्षात जे इंजिन घडत गेलं ते वेगळ्या पद्धतीने जळण करणारं होतं. मग १८९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दुसरा अर्ज केला आणि जळणाच्या पद्धतीचा दावा बदलून घेतला. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने अधिकृत चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली, तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त. तरी विरोधकांनी मुद्दा धरलाच, की तुमचं इंजिन तुमच्या पहिल्या पेटंटात लिहिलंय तसं चालतच नाही.

पेटंटातल्या या नेमक्या वाक्यांना 'क्लेम', म्हणजे दावे म्हणतात. शेताच्या सातबाऱ्याला जशी चतुःसीमा, तसे पेटंटाला दावे. सीमा फार मोठी आखली तर परीक्षक म्हणतो, यात दुसऱ्याचं रान येतंय. फार छोटी आखली तर शेजारी बांधाच्या पलीकडे तेच पीक घेतो.

आणि ही मालकी कायमची नसते. त्या काळी जर्मनीत पेटंट १५ वर्षांचं असे. भारतात आज अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं मिळतात. मुदत संपली की ज्ञान सगळ्यांचं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं, १९४६ मध्ये पुण्याच्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, तोवर डिझेलची मूळ पेटंट कधीच संपली होती.

परीक्षा पास झालं तरी खेळ संपत नाही

याचं मोठं उदाहरण पुण्याच्या आकुर्डीतलं. इंजिन पेट्रोलचं, पण कायदा तोच.

बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये आपल्या दोन स्पार्क प्लगच्या इंजिनासाठी अर्ज केला. पल्सरवरचं 'डीटीएस-आय' आठवतंय ना, तेच. जुलै २००५ मध्ये पेटंट मिळालं, क्रमांक १९५९०४. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' ही १२५ सीसीची गाडी आणायचं जाहीर केलं. तिच्यातही दोन प्लग होते. वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला.

बजाजचं म्हणणं, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरमध्ये दोन प्लग वापरून कमी पेट्रोलचं मिश्रण नीट जाळणं हा आमचा शोध आहे. टीव्हीएसचं म्हणणं, दोन प्लगची कल्पना जुनीच आहे, होंडाच्या अमेरिकन पेटंटात ती आहे. शिवाय आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत.

फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला रोखलं. मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती बंदी उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टीव्हीएसने गाडी विकावी, पण विक्रीचा चोख हिशोब ठेवावा. असे खटले रोज सुनावणी घेऊन शक्यतो चार महिन्यांत निकाली काढा, असंही न्यायालय म्हणालं. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांनी २०१९ मध्ये आपसात मिटवलं.

आता तुम्ही म्हणाल, सरकारनेच तपासून दिलेल्या पेटंटावर एवढा वाद कसा? तर पेटंट कायद्याच्या कलम १३(४) मध्ये स्पष्ट लिहिलंय की परीक्षा झाली म्हणजे पेटंट वैध असल्याची हमी मिळाली असं नाही. परीक्षकाच्या नजरेतून सुटलेला कागद पुढं कुणीही शोधून काढू शकतो. ऑटोचं तसंच झालं होतं.

मग फिटरने करायचं काय?

पहिलं, तोंड बंद, मोबाइल खिशात. आधी अर्ज, मग रील.

दुसरं, सगळं पक्कं झालं नसेल तर तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. त्याने तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची फी एका व्यक्तीसाठी १,६०० रुपये, परीक्षेच्या विनंतीची ४,००० रुपये. एजंटकडून मसुदा लिहून घेतला तर त्याचे पैसे वेगळे.

तिसरं, अर्जाआधी जुनी पेटंट शोधायची. पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर आणि गुगल पेटंट्सवर हा शोध फुकट होतो.

चौथं, परीक्षकाचा पहिला अहवाल आला आणि त्यात आक्षेप असले तर घाबरायचं नाही. आक्षेप जवळपास प्रत्येकाला येतात. उत्तर द्यायला सहा महिने असतात, मागितले तर आणखी तीन. दावे थोडे आवळून अनेक अर्ज पार होतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या भन्नाट इंजिनाचा व्हिडिओ दिसला, तर कमेंट जरा बदलून टाका. "भावा, अर्ज केलायस ना? नसेल तर आधी हा व्हिडिओ काढ आणि आजच एखाद्या पेटंट एजंटला विचार."