डब्यात पोळी किती, डाळ किती?

दुबईतील अल क्वोज या औद्योगिक भागात गोदामे, छापखाने, कारखाने आणि त्यांची कार्यालये पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. खाली दिवसभर माल उचलणारा कामगार आणि वरच्या माळ्यावर संगणकापुढे बसलेला हिशेबनीस किंवा अभियंता, यांचा दुपारचा डबा मात्र फारसा निराळा नसतो. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात, पातळ वरण. कामगाराच्या कष्टाला तो बराचसा साजतो. प्रश्न आहे तो वरच्या माळ्यावरच्या माणसाचा.

या डब्याचा हिशेब मांडून पाहू. कर्बोदके आणि प्रथिने दर ग्रॅममागे ४ किलोकॅलरी ऊर्जा देतात, स्निग्ध पदार्थ ९. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक, भात १५० ग्रॅम, वरणाला २५ ग्रॅम तूरडाळ आणि भाजीत १० ग्रॅम तेल धरले, तर जेवण सुमारे ७५० किलोकॅलरींचे होते. त्यातील ७० टक्के ऊर्जा कर्बोदकांची, १७ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांची, आणि प्रथिनांची जेमतेम ११ टक्के. भारतातील १८,०९० प्रौढांच्या आहाराची नोंद घेणाऱ्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात २०२२ साली जवळपास हेच चित्र दिसले. मधुमेह टाळण्यासाठी आणि आटोक्यात आणण्यासाठी कर्बोदकांचा वाटा निम्म्याच्या आसपास उतरवावा आणि प्रथिनांचा २० टक्क्यांच्या दिशेने वाढवावा, असे त्या संशोधकांनी सुचवले.

वजन बेताचे आहे म्हणून यातून सुटका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या तुलनेत वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या दोन आकड्यांनी जितके स्पष्ट केले तितके लांबलचक व्याख्यानांनी क्वचितच होते.

मग पोळी सोडायची का? मुळीच नाही. दोन पोळ्या ठेवाव्यात, भाताला रजा द्यावी, बटाट्याऐवजी पालेभाजी घ्यावी आणि वरणाच्या जागी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. सोबत दोन उकडलेली अंडी किंवा ६० ग्रॅम पनीर, आणि पेलाभर कमी स्निग्धांशाचे लबान. जेवण ७०० किलोकॅलरींच्या आत राहते, प्रथिने २१ ग्रॅमवरून ३५ च्या घरात जातात आणि कर्बोदके निम्म्याजवळ येतात.

शाकाहारी घरांत एक समज पक्का असतो: डाळ म्हणजे प्रथिने. शंभर ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे. परंतु कर्बोदके त्याच्या दुपटीहून अधिक असतात. म्हणून नुसती डाळ वाढवून २० टक्के गाठता येत नाहीत. दही, पनीर किंवा सोयाबीन यांची जोड लागतेच. शेंगदाण्याच्या कुटाचेही तसेच. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा स्निग्धांची असते. भाजीत तो जरूर घालावा, पण प्रथिनांच्या खात्यात मांडू नये. हुमुसमधल्या तिळाच्या लगद्याला आणि वरच्या ऑलिव्ह तेलालाही हाच न्याय. उलट लबनेह म्हणजे मीठ घातलेला आपला चक्काच, आणि ‘फूल’ म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे. अल क्वोजच्या कोणत्याही किराणा दुकानाजवळ राहणाऱ्याला हे परके वाटायचे कारण नाही.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वाढीव प्रथिने अपायकारक ठरू शकतात. या दोघांनीही डब्यात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इतरांना मेसवाल्याला एवढे सांगितले तरी पुरे: भात नको, उसळ दुप्पट.